डोळे बसवायचं वर्कशॉप

२ फेब्रुवारी
सूनबाई म्हणाली, आई, तुमच्या बाहुल्या तिरळ्या बघतात, आता चष्मा घ्या. मी म्हटलं, बाहुल्या सरळच बघतात, तूच वाकडी उभी राहतेस. जन्म गेला चिंध्यांच्या बाहुल्या करण्यात. मानेमागे लाल दोऱ्याची गाठ दिसली की लोक ओळखतात, ही म्हातारीची. सही करत कोण बसतंय! नजर अजून घारीची आहे. आज सुईत दोरा गेला नाही. हल्ली सुयांची भोकंच बारीक काढतात. लाज नाही मेल्यांना.

५ फेब्रुवारी
इथल्या कलाकारांना बाहेरगावच्या वर्कशॉपला जायला कला मंडळ थोडी मदत देतं. फी आणि बसभाडं. सूनबाईने माझं नाव घातलं. विषय, बाहुलीचे डोळे. म्हणजे तिथे जाणतं माणूस पाठवायची वेळ आली तर. अट एकच, परत येऊन सगळ्यांना सांगायचं काय शिकलात. मी काय शिकणार? डोंबल!
सुनेशी पैज. तिथल्या सरांनी माझ्या बाहुलीचे डोळे सरळ म्हटले तर तिने चष्म्याचं नाव काढायचं नाही. तिरळे म्हटले तर मी चष्मा घ्यायचा. बसा वाट बघत.

११ फेब्रुवारी
मंडळाच्या बाईंपुढे मुलाखत. संकल्प : कमी बोलणे, गोड बोलणे. वर्कशॉपचा उपयोग काय होईल, विचारलं. म्हटलं, मला नाही, त्यांना होईल. मग गोड बोलायचं म्हणून भिंतीवरच्या कोंबडीच्या चित्राची तारीफ केली. तो मोर होता. बाईंनीच काढलेला. त्या खोलीत लाइट फार कमी.

१५ फेब्रुवारी
मदत मंजूर! बाईंनी शेरा मारलाय म्हणे, यांना वर्कशॉपची नितांत गरज आहे. लिहिताना चुकल्या असतील. वर्कशॉपला यांची गरज, असं हवं.

२० फेब्रुवारी
चुकीच्या बसमध्ये बसले. पाट्या पुसट रंगवतात. कंडक्टरने उतरवलं. दमले.

२१ फेब्रुवारी
सर माझ्या मुलाच्या वयाचे, केसांचा अंबाडा. म्हणाले, ओळखीने कौतुक नको. सगळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळल्या, केससुद्धा झाकले. फक्त तोंडं उघडी. डोक्याला भिंग बांधून प्रत्येकाने समोर येईल ती पारखायची. संकल्प : तोंडावर ताबा.
माझ्यापुढे आली एक अवदसा. एक डोळा दाराकडे, दुसरा पंख्याकडे. राहवलं नाही. म्हटलं, हिचे डोळे बसवले की लांबून फेकून मारले? सगळे हसले. मला चेव आला. म्हटलं, बाईच्या हातात कसब आहे, पण नजर कुठाय? घरात कुणी शहाणं माणूस नाही का चष्मा घे म्हणणारं?
सर म्हणाले, आजी, आता फडकं काढा.
मानेमागे लाल गाठ.

२२ फेब्रुवारी
परतीची बस. नीट विचार केला. सरांनी डोळे तिरळे म्हटले नाहीत. मी म्हटले. तेव्हा पैज काही हरले नाही. घरी सगळंच सांगायला हवं असंही नाही.

२७ फेब्रुवारी
चष्मा केला. पैजेमुळे नव्हे, त्या भिंगाने सवय लावली म्हणून. दोरा पहिल्या झटक्यात आत. कपाटातल्या बाहुल्यांकडे पाहिलं. कपाट लावून घेतलं.

१ मार्च
मंडळात सगळे कलाकार जमले. भाषण पाठ केलं होतं, तिथे मी काय काय शिकवलं त्याचं. बाई म्हणाल्या, आधी सरांनी वर्कशॉपमध्ये काढून पाठवलेला व्हिडिओ बघू. बघितला. फेकून मारले का, तिथपासून लाल गाठीपर्यंत सगळा.
मग विचारलं, आजी, काय शिकलात?
म्हटलं, दुसरीच्या बाहुलीला नावं ठेवण्याआधी तिची मान उलटून बघावी.
टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सूनबाई. पूर्वी ती हसली तरी मला कळायचं नाही. आता दाढासुद्धा दिसतात.