मावशीला पायी बोलावणं

ओमालोस, ३ जून १९५५

चि. रोदान्थीस अर्गिरो मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं लग्नाचं बोलावणं खेचरवाल्याने मिठाच्या गोणीसोबत आणून टाकलं. वा! आमच्या वेळी माणसं डोंगर चढून दारात येत, तेव्हा कुठे ते बोलावणं म्हणायचं.

लग्नाचा पाव मीच मळावा म्हणतेस. तुमच्या आयिया रुमेली गावात नवरा असलेल्या बायका संपल्या की काय? विधवेचा हात त्या पिठाला लावत नाहीत, एवढंही तुला ठाऊक नाही? शिवाय इथे मेंढ्यांच्या धारा आहेत, चीज आहे. मला मरायला सवड नाही. तुमचं सुखाने उरका.

तुझ्या बाबांना नमस्कार. राग नाही, लोभ आहे तेवढा आहे.

तुझी मावशी

ओमालोस, ११ जून १९५५

ती. बाबांस, रोदान्थीचा सा. न. वि. वि.

बाबा, पोचले! सगळी घळ पायी चढून! नदी पुन्हापुन्हा आडवी येत होती, म्हणून शेवटी जोडे गळ्यात अडकवले. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात तिथे मान वर करून इतकी ओरडले, की शेळ्या दगड पाडत पळाल्या. इतकी वर्षं पायथ्याशी राहून मी हे पाहिलंच नव्हतं, याची लाज वाटली.

वाटेतल्या सामारिया गावात बायकांनी अडवलंच. म्हणे, नवरी मुलगी नवऱ्याकडे पाठ करून कुठे निघाली? राकीचा पेला घेतल्याशिवाय कुणी सोडेना. मावशीला बोलवायला चाललेय म्हटल्यावर सगळ्यांनी पेले खाली ठेवले. एक म्हातारी तेवढी म्हणाली, जा पोरी, लवकर जा.

शेवटची चढण रांगतच संपवली. मावशी दारात उभी. आधी माझ्या पायांवरून बोलणी खाल्ली, मग पाय तिनेच धुतले. मी पाणी प्यायला आत गेले, तर फडक्याखाली पाव! वर लग्नाच्या पावासारखी कणकेची फुलं, पानं, दोन पक्षी. हा कुणाचा, विचारलं तर म्हणे शेळ्यांसाठी. बाबा, शेळ्यांना पक्षी लागतात का हो? मी गळ्यातच पडले. आम्ही दोघी खूप रडलो.

अजून तिने हो म्हटलेलं नाही. आपल्या गावातल्या बायकांना काय सांगायचं, हे तुम्हीच ठरवून लिहा. तिच्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही. माया आहेच, थोडं धाडसही पाठवा.

तुमची रोदान्थी

ओमालोस, २ जुलै १९५५

चि. रोदान्थीस अनेक आशीर्वाद.

तू गेलीस आणि घर सुनं झालं. तुझ्या बाबांचं पत्र आलं. पिठाला अर्गिरोचाच हात लागेल, ज्यांना खुपेल त्यांनी पाव खाऊ नये, असं त्यांनी चर्चच्या दारात सर्वांसमोर सांगितलं म्हणे. तो मुखदुर्बळ माणूस असं बोलला! मी पत्र तीनदा वाचलं.

माझ्या लग्नाचा पाव तुझ्या आईने मळला होता. ती गेली, तरी तिच्याच खमिराचा गोळा आजवर दर आठवड्याला पीठ घालून मी जिवंत ठेवलाय. तुझ्यासाठीच गं. पण द्यायचं धाडस नव्हतं.

येते. खेचरावर नाही, पायीच. सामारियात सांगून ठेव, राकी पिईन, पण मिठ्या जपून मारा. खमीर उबेला छातीशी बांधलंय.

भेटीपर्यंत माया पुरवून वापर.

तुझी मावशी