शाकीर मकदूमवरचा 'हात सदोष' हा शेरा

प्रति,
मा. प्राचार्य,
बोरीकाठ अभियांत्रिकी महाविद्यालय, सोलापूर.

विषय: शाकीर मकदूम यांच्या फाइलीतील शेरा खोडून तशी लेखी प्रत मिळणेबाबत.
संदर्भ: आपले पत्र, दि. २० जानेवारी २०२५.

महोदय,

अर्जदाराची नात समरा हिचा निकाह झाला त्या साली, म्हणजे २०२२ मध्ये, अर्जदाराचा धाकटा भाऊ शाकीर आपल्या प्रयोगशाळेत लेथवर रुजू झाला. काम पितळेवर केसाहून कितीतरी बारीक काप घेण्याचं. काप सुरू होताना पहिला कीस कसा सुटतो, याचं चित्र आपल्याकडच्या संशोधक उत्कर्षा मॅडम संगणकावर काढत आणि शाकीर ते खऱ्या धातूवर पडताळून पाही.

संगणक म्हणे, हत्यार टेकलं की कीस सुटतो. शाकीरच्या वहीत मात्र पहिल्या दोन कापांना कीस नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या चित्रात टोक सुईवानी हाय. खरं टोक गोल असतंय की. इतक्या बारीक कापाला ते नुसतं दाबतंय." उत्तर मिळालं, "चाचा, मॉडेल चुकत नाही, हात चुकतो." चाळीस वर्षं लेथपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला हे सुनावणाऱ्या बाईंनी तोवर एकाही हत्याराला धार लावलेली नव्हती.

शाकीरची मापं खोडली गेली, फाइलीत 'हात सदोष' असा शेरा आला आणि नोकरी गेली. पुढे एकाही वर्कशॉपने त्याला लेथला हात लावू दिला नाही. अर्जदार पन्नाशीनंतर अक्षरं शिकला. एवढे दोन शब्द वाचायला तेवढं शिक्षण पुरलं.

मागल्या दिवाळीत मॅडमनी संगणकातलं टोक गोल केलं. पहिल्या दोन कापांना कीस नाही! आपण अहवाल छापलात, मॅडमना शाल घातलीत. शेरा जागच्या जागी.

तो खोडावा म्हणून अर्जदाराने चार अर्ज दिले. एक हरवला, एक ग्रंथालयात गेला, एकावर नुसताच शिक्का बसला. चौथ्याला उत्तर आलं: 'संबंधित ऑपरेटरने समक्ष येऊन तेच दोन काप पुन्हा करून दाखवावेत.' चुकलेल्याला शाल आणि बरोबर असलेल्याची फेरपरीक्षा, हा आपल्या कार्यालयाचा हिशेब अर्जदाराच्या समजुतीपलीकडचा आहे. शाकीर हजर राहू शकत नाही. कारण तिसऱ्या जोडपत्रात आहे. आलेला कागद वाचण्याची रीत आपल्याकडे असेल, तर वाचावं.

शेरा खोडावा. शाल नको.

आपल्या दारी पाचव्यांदा आलेला,
खालिद बाबूलाल मकदूम, वय ७४
सोलापूर, दि. ३ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१) शाकीरच्या वहीची दोन पानं.
२) आपल्या छापील अहवालाचं पान ३१, तीच मापं.
३) शाकीर बाबूलाल मकदूम हे दि. ११ जुलै २०२४ रोजी मयत झाल्याचा दाखला.