दादाच्या गाडीची हवा

९ नोव्हेंबर, रविवार
आज दादा पुन्हा "बघू" म्हणाला. गणपतीत म्हणाला होता दिवाळीनंतर बघू. दिवाळीही होऊन गेली.

आईचं माहेर किनाऱ्याच्या पार टोकाला. गाडीरस्ता खाडीपाशी संपतो. पुढे एक तर डोंगरावरून दगडी पायऱ्यांची पाखाडी, नाहीतर ओहोटीला वाळूतून. खुब्यात सळई बसवल्यापासून आईला आमच्या गिरगावातल्या फणसवाडीचे दोन जिने नकोसे होतात, पाखाडी कुठली चढणार? आणि तिकडे, त्याच गावात दिलेली मावशी चैत्रापासून खाटेला. दिसत नाही, ऐकू येत नाही. हात हातात घेतला तरच माणूस ओळखते.

दादा म्हणे, "अगं, व्हिडिओ कॉल लाव ना."

कुणाला लावू? त्याला ऐकू येतं तरी का, असं विचारणार होते. आई समोर होती.

दोन वर्षं ह्या माणसाकडे फोर बाय फोर आहे. मागे चिखल उडवणाऱ्या वाघाचं स्टिकर. गेली कुठे? लोणावळा.

१२ नोव्हें.
सं. दादाचा फोन. स्वतःहून. "अठ्ठावीसला निघू. शनिवार-रविवार जोडून. ॲपवर पाहिलं, ओहोटी ऐन दुपारी. परफेक्ट!" मला इतकं बरं वाटलं की आधीचं सगळं विसरायला निघाले.

आई बोटं मोजत बसली होती. "अठ्ठावीसला अष्टमी. अष्टमीला भांग असते, पाणी वेळेवर ओसरेल, पण फार लांब जाणारच नाही. वाट उघडणार नाही."

खात्री करायला मावशीच्या सुनेला, शुभावहिनीला, फोन केला. तीही तेच. "अष्टमीक येव नकात गो. भांग आसा. तिजेक येवा, सकाळच्या पारी. तेव्हा उधाणाचा पाणी लांब जाता." पंचायतीत तिने विचारून ठेवलंय. आजारी माणसाला आणायचं असेल तर एकदा गाडी आणा म्हणतात, पण माडाच्या रांगेपासून दूर, भिजलेल्या वाळूवरूनच.

तीज म्हणजे ७ डिसेंबर. आई तिथीची पाऊणपट करते. तिजेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठला. कागद नाही, पेन्सिल नाही.

दादाला कळवलं. "सात? सातला आमचं गेट-टुगेदर आहे नीलू. तिथीवर माझं कॅलेंडर नाही चालत."

फोन ठेवल्यावर भांडी घासली. एका कपाचा कान गेला.

१५ नोव्हें.
पर्याय क्र. १, दादाकडून: चार माणसं लावून आईला खुर्चीत बसवून पाखाडीवरून न्यायचं.

आई: "मेल्यावर न्या चौघांनी. तोवर बसून जाईन."

पर्याय क्र. २: त्याचा ड्रायव्हर. तो वाळूचं नाव काढल्यावर गावी निघून गेला.

तेव्हा मी म्हटलं, मी नेते. दादाने आधी "काय?" विचारलं. मग हसला. मला तो हसला त्याचा राग नाही आला. हसून झाल्यावर "सिरियसली?" म्हणाला, त्याचा आला. वीस वर्षं मी ह्या गिरगावात गाडी चालवली. पाण्याच्या टँकरमागून रिव्हर्स घेतलीय, समोर वरात असताना.

शेवटी "ने, पण ओरखडा नको."

वाळूत न्यायचीय, आणि ओरखडा नको.

१९ नोव्हें.
माहीमला गॅरेज. गॅरेजवाले भाई: "सर नहीं आये?" नाही आले. परत दहा मिनिटांनी: "सर को फोन लगाऊं क्या?" लावा, म्हटलं, त्यांना विचारा हा दुसरा दांडा कशासाठी आहे.

चारही चाकांना जोर देणारा, फोर व्हीलचा लिव्हर हललाच नाही. दोन्ही हातांनी ओढला. भाई खाली शिरले, बाहेर आले. "मॅडम, जाम है. ये तो कभी लगाया ही नहीं."

कभी नहीं. दोन वर्षांत एकदाही नाही. शोरूममधून आणताना आईने नारळ फोडला होता, चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. त्या दिवशी म्हणाला होता, "आई, आता तुझं माहेर जवळ आलं."

भाईंनी सोडवून दिला, ग्रीस भरलं. मीच पन्नास वेळा पुढे-मागे केला. आता खट्कन लागतो. दंड दुखतोय. बरं वाटतंय.

२३ नोव्हें., रवि.
आजचा प्रकार लिहूनच ठेवते.

वाळूत टायर नरम हवेत. टणक चाक वाळू कापत खाली जातं, नरम चाक पसरतं आणि वर राहतं. उंटाचं पाऊल आणि बकरीचा खूर. म्हणून हवा उतरवायची सवय हवी, आणि परत भरायचीही. लहान कंप्रेसर आणलाय. तर दु. लोअर परळला गेले, दादाच्या टॉवरचं बेसमेंट, उकिडवी बसून पहिल्या चाकाची हवा सोडत होते. पस्तीसवरून अठरावर. फुस्स.

मागून वॉचमन. "मॅडम, क्या कर रहे हो?"
"हवा निकाल रही हूँ."
"किसकी गाडी है?"
"भाई की."
त्याने मान डोलावली, जणू सगळं समजलं. आणि वर फोन लावला. "सर, एक मॅडम आपके गाडी का हवा निकाल रही है. बोलती है बहन है."

दादा घरच्या चपलांत खाली. मागे वहिनी. लिफ्टपाशी अजून चारपाच माणसं. इस्टेटीचं भांडण बघायला मिळेल म्हणून आली असावीत.

"नीलू, लोक बघतायत."

तिकडे एक बाई बहिणीचा आवाज ऐकू येत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलीय, आणि ह्याचे लोक बघतायत. मी पुन्हा उकिडवी बसले. उरलेल्या तिन्ही चाकांची सोडली. मग चारही भरली. त्याला समोर उभा ठेवून.

वहिनी जाताना हळूच: "पाणी हवंय का गं?" तिच्यावर रागावता येत नाही, हा एक वेगळाच वैताग.

२६ नोव्हें.
वजन कमी करायचं, म्हणून गाडी दादाकडून आणली. दादाचा डिकीतला फ्रीज काढला, भोंगा काढला, छतावरचं कॅरिअर काढलं. आत ठेवलं: फावडं, टो करायचा पट्टा, गोणपाटं, मांडवाच्या दोन फळ्या (मंडळाने दिल्या, "फोटो पाठवा" ह्या अटीवर).

रुतलो तर जॅक लावावा लागेल, आणि वाळूत जॅकच खाली जातो. त्याखाली रुंद, जाड लाकूड हवं. मांडवाची फळी पातळ, वाकते. हे मी स्वतःशीच बडबडत होते. आई उठली, काठी टेकत स्वयंपाकघरात गेली, माळ्याकडे बोट केलं. "तो काढ."

बाबांचा पाट. शिसवी, पितळी फुल्यांचा. बाबा गेल्यापासून त्यावर कोणी बसलेलं नाही.

म्हटलं, आई, हा नको. जॅकखाली तुटेल.

"तुटला तर तुटला. एवढं वजन पेललंय त्याने. जेवून उठताना ह्यांना हात द्यावा लागायचा."

दोघी हसलो. मग ती थांबली आणि मी पुसायला फडकं शोधू लागले.

३० नोव्हें.
गल्लीत तालीम. गाडी उंच, आईचा पाय पोचत नाही. पाट खाली ठेवला, त्यावर डावा पाय, मग बूड सीटवर, मग उजवा आत. तिसऱ्या खेपेला जमलं. वाडीतले काका कठड्यावरून सूचना देत होते. आई त्यांना म्हणाली, "तुम्ही खाली या, तुमचं वजन धरून बघू." काका आत गेले.

सीटवर बसल्यावर ती उतरेना. म्हणाली, राहू दे थोडा वेळ. समोर नुसती गल्ली, वाळत घातलेल्या चादरी. बघत बसली.

मी तिच्यासाठी चिडते असं मी लिहीत आले. खरं तर ती चिडत नाही ह्याचीच मला जास्त चीड येते. तिने दोन वर्षांत एकदाही दादाला "कधी?" विचारलेलं नाही.

३ डिसें.
दादाचा मेसेज: "इन्शुरन्स बीचवर लागू नाही. काही झालं तर जबाबदारी तुझी."
उत्तर: "हो."
आणखी तीन ओळी लिहिल्या होत्या. पुसल्या. इथेही लिहीत नाही.

५ डिसें.
परवा नेलेली गाडी दादा स्वतः घेऊन आला. धुतलेली, नवी सीट कव्हरं, आणि टायर चाळीसवर! "लांबचा प्रवास, टाइट करून आणलीय." प्रेमानेच केलं असणार. कुणाला सांगू?

जेवायला बसला. आईने त्याच्या आवडीचं बिरडं केलं होतं. मध्येच वर माळ्याकडे बघून: "बाबांचा पाट कुठंय?"
"गाडीत. आत्ताच ठेवला."
"गाडीत? कशाला?"
"जॅकखाली."
हातातला घास तसाच. "बाबांचा पाट? जॅकखाली? डोकं फिरलंय का तुझं नीलू? काही भावना वगैरे..."

मी तोंड उघडायच्या आत आई: "नवरा माझा, पाट माझा. तू भात घे."

त्याने घेतला. निघताना आईने दारात विचारलं, "येतोस?" पहिल्यांदाच विचारलं. त्याने फोनकडे पाहिलं. "बघू."

६ डिसें., शनि.
पहाटे निघालो. दादरकडे रस्ते बंद, फ्रीवेने. पनवेलपर्यंत मनात दादाशी भांडत होते, सगळे मुद्दे मीच जिंकले. मग आईने डब्यातली वडी पुढे केली. मुक्काम खाडीअलीकडे, ओळखीच्यांकडे. आईला झोप नाही.

७ डिसें., रवि. सकाळ
रस्ता संपतो तिथे. बॉनेटवर वही. चारही चाकं अठरावर. आई पाटावरून चढून बसलीय, मांडीवर मावशीसाठी नऊवारी. वाकणाच्या पलीकडे मावशीच्या घराचं छप्पर दिसतं. शुभावहिनीने मावशीची खाट पडवीत आणलीय म्हणे.

पाणी अजून मागे सरकतंय. वाळू ओली, कडक, काचेसारखी. पुन्हा पुन्हा घोकते: ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही, थांबायचं नाही. चाकं जागेवर फिरली तर लगेच पाय काढायचा.

आत्ता दादाचा फोन. पाठीमागे हॉर्न. "नीलू, मित्राची गाडी घेऊन निघालोय. रात्रभर झोपलो नाही. दुपारपर्यंत पोचतो. थांबा, वाळूत मी नेतो. प्लीज."

दोन वर्षांनी. आणि नेमका भरतीला. राग इतका आला की डोळ्यांत पाणी, आणि त्याच वेळी वाटलं, वेड्या, सावकाश चालव.

"काय म्हणतो?" आईने विचारलं.
"दुपारी येतो, थांबा म्हणतो. तो नेणार."
आई समुद्राकडे बघत राहिली. मग हात आपल्या गुडघ्याला लावला. "दुपारी पाणी इथवर असेल."

एवढंच. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही.

आठ वाजलेत. लिव्हर ओढून पाहिला. खट्. लागला.

आई म्हणतेय, ती वही ठेव आता.