इलारियेचं ताट

१८ नोव्हेंबर, सोमवार
डेअरीतून सहाला घरी. रात्रीसाठी घेवड्याचं आंबट सार आणि मक्याचा घट्ट सांजा. सारात कोंड्याचं आंबवण जरा जास्त घातलं, इलारियेला, माझ्या नवऱ्याला, तसंच लागायचं. पहिली ताटली त्याची, माणूस गेल्यावर चाळीस दिवस रोज शेजारी द्यायची असते ती. नवा चमचा, मेणबत्ती. शेजारी कसान्द्राच्या फाटकापाशी जाऊन म्हटलं, ‘‘इलारियेच्या आत्म्यासाठी.’’ ती म्हणाली, ‘‘देव त्याला क्षमा करो.’’ ताटली तिच्याकडेच राहिली, राहतेच. मग आम्ही दोघी जेवलो, मी आणि सासूबाई.
त्याला जाऊन एकवीस दिवस झाले. अंगणात लाकडं फोडत होता. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा कुऱ्हाड ओंडक्यात उभी होती, तो उभा नव्हता.
सासूबाई दारात उभ्या राहून बघतात, ताट नीट पोचतं का. आज म्हणाल्या, ‘‘मीठ कमी पडलं. परत पाठवलं असतं त्याने.’’

१९ नोव्हेंबर
आंबट कोबी आणि भात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
सुचावाहून पत्र आलं. तिथल्या मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत जागा आहे. राहायला खोली देतील. सहा जानेवारीला हजर व्हायचं. सोळा डिसेंबरपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेऊ.
इथली डेअरी मार्चमध्ये बंद होणार, हे सगळ्यांना माहीत आहे. एक्कावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार?
अजून सोळा ताटं. मग चाळीस दिवस पुरे होतील. मग मोकळी— लिहिलं आणि लाज वाटली. पण खोडत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार
बटाट्याचा रस्सा. उपास चालू आहेत, नाताळपर्यंत मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. रोज काय करायचं! घेवडा, कोबी, बटाटा, पुन्हा घेवडा. सकाळी दुधाच्या नमुन्यांच्या नळ्या तपासतानासुद्धा डोक्यात हेच.
कसान्द्रा फाटकातून हसत म्हणाली, ‘‘अगं ओल्त्या, तुझ्या नवऱ्याच्या कृपेने अठ्ठावीस ताटल्या जमल्या माझ्याकडे! आता घरात एक लग्नच काढते.’’
मलाही हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा.
मागून सासूबाई, ‘‘हसा. पोरगा तिकडे थंडीत ताटाची वाट बघतोय, तुम्ही हसा.’’
ताट गरमच होतं. तरी घरात येईपर्यंत वाटत राहिलं, मीच त्याचं थंड केलं.

७ डिसेंबर, शनिवार
चाळिसावा. पाद्री आले. उकडलेले गहू, त्यावर साखर आणि अक्रोड. वीसेक माणसं होती. सगळ्यांची जेवणं होत आली तेव्हा सासूबाई टेबलाच्या टोकाकडून मोठ्याने म्हणाल्या, ‘‘आमच्या माहेरी चाळिसावर थांबत नाहीत. वर्षभर देतात. रोज.’’
सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.
मी मान हलवली. का हलवली!

८ डिसेंबर
अळंबी आणि सांजा. एकेचाळीस.

११ डिसेंबर, बुधवार
आज सांगितलं त्यांना. बटाटे सोलता सोलता, खाली बघूनच. सुचावा, खोली, सोळा तारीख, सगळं.
त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. थरथरत होते, नेहमीसारखेच. ‘‘मला चमचा धरता येत नाही. तू गेलीस तर त्याला कोण घालणार?’’
जाऊ नको म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.
उरलेले बटाटे सोलले. नको होते तेवढे सोलले.

१३ डिसेंबर, शुक्रवार
काय झालं ते लिहून ठेवते.
बर्फामुळे बस अडकली, घरी यायला साडेसात. पटकन मसूर शिजवला. ताटली घेऊन धावत कसान्द्राच्या फाटकापाशी गेले, दम लागला होता. ताटली पुढे केली आणि म्हणाले, ‘‘ओल्त्याच्या आत्म्यासाठी.’’
माझंच नाव!
कसान्द्राचा हात तसाच राहिला. दिलेलं ताट मागे घेता येत नाही, बोललेलं नावही नाही. शेवटी हळूच म्हणाली, ‘‘देव तिला क्षमा करो,’’ आणि घेतलं. मग माझा दंड धरून, ‘‘घाबरतेस काय? जिवंतपणी देतातच की लोक स्वतःचं. माझ्या काकाने दिलं, त्यावर अठरा वर्षं जगला. घरचे कंटाळले!’’
वळले तर कुंपणापाशी सासूबाई. सगळं ऐकलेलं.
आत गेल्या, दुसरी ताटली काढली, स्वतः मसूर वाढला. अर्धा ओट्यावर सांडला. मी हात लावायला गेले तर कोपराने दूर केलं. ते ताट घेऊन स्वतः बर्फातून गेल्या. अजून त्याचं राहिलंच होतं ना.
मी खिडकीतून बघत राहिले. पाऊल, मग थांबणं. पाऊल, मग थांबणं.

१४ डिसेंबर, शनिवार
सकाळी चूल पेटवायला वाकले. पाठीमागून सासूबाई, ‘‘काडी ठेव खाली.’’
ठेवली.
‘‘जिने स्वतःचं ताट दिलं, तिने माझ्या घरात रांधायचं नाही. सुचावाला कळवलंस?’’
‘‘नाही.’’
‘‘मग उभी काय राहिलीस?’’
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अठ्ठावीस वर्षं या चुलीपुढे गेली, आणि आज हाकललं. दुपारी सुचावाला फोन केला. येते म्हणाले.

६ जानेवारी, सोमवार
हजर झाले. खोलीत एक गॅस, एक खुर्ची.

९ जानेवारी
पाव आणि चहा. कालही तेच. एकटीसाठी काय मांडायचं!

१३ जानेवारी, सोमवार
संध्याकाळी कसान्द्राचा फोन. ‘‘अगं, तुझी सासू मला वेड लावणार! रोज दोन ताटं आणते. दोन खेपा घालते, दोन्ही एकदम धरता येत नाहीत म्हणून. एक इलारियेचं, एक तुझं. मी म्हटलं, साफ्ताकाकू, ओल्त्या जिवंत आहे हो! तर मलाच ओरडली. ‘जिवंत आहे म्हणून काय भूक लागत नाही? तिकडे तिला कोण घालतंय?’ ’’
मी खुर्ची ओढून बसले.
‘‘ऐकतेस ना? तुझ्या ताटात निराळंच असतं. आज अक्रोड-साखरेच्या शेवया होत्या. तुला आवडतात म्हणाली.’’
आवडतात. त्या घरात कधी केल्या नाहीत. इलारिये म्हणायचा, रात्री कुणी गोड जेवतं का! सासूबाईंना कधी सांगितलं होतं, आठवत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी असेल.
फोन ठेवला. साडेसात वाजले होते. दोन बटाटे धुतले, चिरले, मीठ घालून गॅसवर ठेवले आणि शिजेपर्यंत तिथेच उभी राहिले.