मालकीच्या कागदावरच्या दोन रेघा

टॅमरॅक क्रॉसिंग
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

प्रिय ग्लेन,

तू, मार्सी आणि मुली खुशाल असाल. इकडे सगळं ठीक. सफरचंदं यंदा झाडाला पेलली नाहीत इतकी आली. बाबा आहेत तसे आहेत.

कामाचं लिहितो. मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. सव्वा इंची पाइपनं अठरा इंचांनी वाढवलेला गाडीचा सांगाडा, त्रेसष्ट जोड, एकही दुसऱ्यांदा मारावा लागला नाही. डोक्यावर पोलादी कमान. चालकाच्या शेजारी पाठीला टेकू असलेली खुर्ची, पट्टे ट्रकच्या जुन्या सीटचे. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी पाळणा, आतून रबर लावलेला, म्हणजे खडकावरूनही आवाज येत नाही. सात इंचांवर पायरी, कारण बाबांचा पाय आठ इंच उचलत नाही, मी मोजला आहे. हाताला धरायला गोल दांडा, त्यावर हरणाचं कातडं शिवलेलं, सुई माझीच. आणि मागे एक पाटी, उघडली की तिचं बाकडं होतं. ते कशासाठी ते नंतर.

वेल्डिंग मी कुठल्या शाळेत शिकलो नाही हे तुला माहीत आहे. लायब्ररीतली दोन पुस्तकं आणि भाजलेली बोटं.

मूळ क्वाड, म्हणजे ती चार चाकांची उघडी रानगाडी, कुठली ते तू ओळखलं असशील. आईच्या अंत्यविधीला आलास तेव्हा शेडमध्ये ठेवून गेलास तीच, लाल.

कारण असं. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी बाबांना कॅम्पवर असायचं आहे. विसाव्या वर्षी त्यांनी ओंडके रचून ती खोपी बांधली, तेव्हापासून पहिला दिवस त्यांनी चुकवला तो फक्त गेल्या साली. ट्रक तिथवर जात नाही. सरकारी जंगलातून सात मैल वाट आहे. डॉक्टरीणबाईंना मी पुढच्या वर्षाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षाचं नका विचारू."

सप्टेंबरात बाबांना बसवून चाचणी घेतली. दोन मैलांवर वनखात्याच्या माणसानं थांबवलं. तरुण होता, बोलायला चांगला. खाली वाकून जोड पाहिले.

"कुणी केली ही?"

"मी."

"सुंदर आहे. नोंदणीचा स्टिकर कुठाय?"

स्टिकर नव्हता. स्टिकर मिळायला नोंदणी लागते, नोंदणीला मालकीचा कागद लागतो. त्यानं यावेळी सोडलं. पुढच्या वेळी गाडी जप्त, म्हणाला. बाबा शेजारी नाकात नळी घालून बसलेले. ते म्हणाले, "मलाही जप्त करणार का रे? मला दर चार तासांनी गोळ्या लागतात, आताच सांगून ठेवतो." पोरगा कानापर्यंत लाल झाला.

त्याच वाटेनं, ग्लेन, शहरातून आलेली माणसं विकत घेतलेल्या चकचकीत गाड्या घेऊन फिरतात. पेल्याला खाच, गाण्यांना स्पीकर. ओढ्याच्या काठाचा चिखल करून टाकलाय, बिअरचे डबे फर्नमध्ये फेकतात. त्यांच्याकडे स्टिकर असतो. त्यांना कुणी हात लावत नाही. पाहिलं की मला शिसारी येते.

मग नोंदणी कचेरी. चाळीस मैल. साखळीला बांधलेलं पेन, तेही न उठणारं, आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. खिडकीत नॅडीन नावाची बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. अर्जात गाडीचा रंग विचारतात. जोड कसे मारले, पाइप कितीचा, हे विचारायला एक रकाना नाही. 'बनवणारा' असा रकाना होता, तिथं मी माझं नाव लिहिलं.

"हे कोण?" बाई म्हणाली.

"मी."

"इथं कंपनीचं नाव लागतं."

"कंपनीनं इंजिन दिलं आणि अर्धा सांगाडा."

"मग त्या अर्ध्यावर नंबर आहे ना? त्याच कंपनीचं लिहा."

नाहीतर ती 'स्वतः बनवलेली गाडी' म्हणून नोंदता येते. त्याला प्रत्येक सुट्या भागाची पावती, चारी बाजूंनी फोटो, पोलिसांची तपासणी आणि मग राज्याकडून नवा नंबर. दहा ते बारा आठवडे. बाबांच्या नाकातली नळी बारा आठवडे थांबत नाही.

थोडक्यात, नोंद तुझ्याच नावावर आहे आणि तू सही करून दिलेला मूळ कागद खराब झाल्यामुळे चालत नाही. नकलेसाठी नोंदलेल्या मालकानंच अर्ज करायचा असतो. अर्ज सोबत आहे. मी पिवळी खूण केली आहे तिथं सही कर, काळ्या शाईनं. नक्कल आली की तिच्या मागच्या बाजूला विकणाऱ्याच्या जागी सही करून पाठव. टपालानं चालेल. एवढंच काम होतं.

रविवार, १९ ऑक्टोबर

पत्र टाकलं नाही. पाकीट बंद केलं होतं, ते फोडून पुढे लिहितो आहे.

काल बड स्लोकम आला होता, भंगारवाला. कुठून कळलं कोण जाणे. ट्रकच्या मागून त्यानं एक कापलेला पाइपचा तुकडा काढला. चुराडा झालेल्या कुठल्यातरी क्वाडचा, नंबर ठोकलेला, सोबत स्वच्छ कागद.

"तुझा नंबर ग्राइंडरनं घासून टाक, हा बसव," म्हणाला. "तू जोड मारलास तर कारखान्यालाही कळायचं नाही. तुझ्यासाठी अडीचशे."

माझ्या जोडाची स्तुती करून मला चोर व्हायला सांगत होता. मी त्याला तो तुकडा घेऊन अंगणातून चालता हो म्हटलं. तो हसला. "मग म्हाताऱ्याला खांद्यावर ने," म्हणाला. त्याच्या ट्रकचं धूड वळेपर्यंत मी अंगणातून हललो नाही.

बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकत होते. समोर पेस्टी, ती मांस-बटाट्याची मोठी करंजी, अर्धीच खाल्लेली.

"चोरीच्या नंबरावर बसवून नेणार होतास मला?"

"नाही म्हणालो ना त्याला."

"बरं केलंस. मेल्यावर पोलिसांनी न्यावं, हे आपल्या घराण्यात अजून झालं नाही." मग नळी नीट करत म्हणाले, "ग्लेनचा कागद होता ना तुझ्याकडे. तो खराब कसा झाला?"

हाच प्रश्न नॅडीनबाईनं विचारला होता. मी तिला म्हणालो होतो, शेडमध्ये ओल लागली. तिनं कागद उजेडाकडे धरला. "ओल पट्टी लावून रेघा मारत नाही, साहेब," म्हणाली. "सरळ आहेत हो अगदी. पण सहीवर खाडाखोड झाली की हा कागद मेला. विकणाऱ्यावर एवढा राग होता?"

मी कचेरीला शिव्या देत चाळीस मैल परत आलो. तुलाही इथवर तेच लिहिलं. कागद खराब झाला म्हणून. तो झाला नाही, ग्लेन. मी केला.

चर्चच्या तळघरात आईच्या अंत्यविधीनंतरचं जेवण चाललं होतं. मला काम नसल्याला आठ महिने झाले होते, गिरणी बंद पडल्यापासून. तू नव्या ट्रकमधून आलास. कॉफीच्या भांड्यापाशी सगळ्यांसमोर खिशातून तो कागद काढलास आणि म्हणालास, "डुएन, क्वाड तुझी. किंमत एक डॉलर लिहिलाय, नाहीतर उगाच कर भरावा लागेल." त्यावर आपला चुलतभाऊ लायल ओरडला, "डॉलर तरी आहे का रे त्याच्याकडे?" आणि लोक हसले. आईला पुरून तास झाला नव्हता आणि लोक हसले.

तू हसला नाहीस. मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो की हसलास.

त्या संध्याकाळी शेडमध्ये पोलादी पट्टी घेतली, तुझ्या सहीवर दोन रेघा मारल्या, समांतर, मध्ये पाव इंच. रागातसुद्धा मी सरळ रेघ मारतो. तो कागद पाकिटात घालून तुला परत पाठवणार होतो. पाकीट तयार होतं. तिकीट लावलं नाही. तुझे चार फोन आले, मी वाजू दिले.

आणि ऐक, बाबांची होडी माझ्या नावावर झाली तेव्हा त्या कागदावरही एकच डॉलर होता. या गावात बापाकडून लेकाकडे, भावाकडून भावाकडे गाडी जाते तेव्हा कागदावर एक डॉलरच लिहितात. नॅडीनबाई म्हणाली, आठवड्याला डझनभर येतात तिच्याकडे तसे. मला हे तेव्हाही माहीत होतं. होडी घेताना मला भीक वाटली नव्हती. तुझ्याकडून घेताना वाटली, कारण तू धाकटा. कचेरीची, त्या शहरी लोकांची, स्लोकमची मला किळस येते हे खरं. पण परवा तो कागद खिडकीतून परत हातात आला, माझ्या दोन सुबक रेघांसकट, तेव्हा स्वतःची जी आली तशी मला कुणाचीच आली नव्हती.

बाबांनाही हे सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला रेघांचं काही नाही. मागच्या बाकड्यावर कोण बसणार ते सांग."

ते बाकडं मी सोळा इंच उंच केलं आहे. सहा फूट एक इंच माणूस, डावा गुडघा वाकत नाही, तो पाय लांब करून बसेल एवढी पुढे जागा ठेवली आहे. ऑगस्टमध्येच केलं, स्टिकरचं काही कळायच्या आधी. कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तेव्हा वर टपालाचं लिहिलं ते खोड. मी खोडलं असतं, पण आता खोडायची भीती बसली आहे. अर्ज तिकडेच भर, तुमच्या कचेरीत म्हणे नक्कल त्याच दिवशी हातात मिळते. ती घेऊन तूच ये. तेराला आलास तर चौदाला सकाळी आपण दोघं नॅडीनबाईच्या खिडकीवर उभे राहू आणि दुपारी स्टिकर लावू. सही माझ्यासमोर कर. बाबांना मी अजून तू येणार म्हणून सांगितलेलं नाही, तुझं उत्तर आल्यावर सांगेन. किमतीच्या रकान्यात तेव्हाचाच आकडा लिही. या पाकिटात तो ठेवला आहे, नोट नवी आहे, दुमडलेली नाही.

रायफल तुझी तेल लावून ठेवली आहे, दर वर्षी लावतो.

तुझा थोरला भाऊ,
डुएन,
ज्याला तू आईच्या जेवणाच्या दिवशी गाडी देऊ केलीस आणि ज्यानं ती नाकारली. किंमत, एक डॉलर.