बाहीवरच्या झेंड्याची व्यवस्था

मी, तोने हेल्ले, वय ७८, राहणार सेतेस्डाल, नॉर्वे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

घर, कुरण आणि माग माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी ओस्ने हिला. अट एकच: माझा धाकटा भाऊ स्वाइनुंग हयात असेपर्यंत शेगडीजवळची खोली त्याची. त्याला वृद्धाश्रमाची माहितीपत्रके दाखवू नयेत.

शिवणाच्या डब्यात एक कापडी ढाल आहे, बाहीवर शिवायचा आपल्या झेंड्याचा बिल्ला. १९४१ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, एकोणीस वर्षांचा स्वाइनुंग फिनलंडच्या मदतीला म्हणून भरती झाला. आपलेच सैन्य आहे, असे त्याला सांगितले होते. मिळाला जर्मन गणवेश. आईने ढाल बाहीवर शिवली, सणाच्या पोशाखाला घालतो त्या टाक्याने. "झेंडा तर आपलाच आहे ना, आई?" तो विचारत राहिला. झेंडा आपला होता, कोट त्यांचा. फिनलंड राहिले बाजूला, त्याला लेनिनग्राडपुढच्या खंदकात धाडले.

युद्धानंतर देशद्रोहाची शिक्षा भोगून तो तुरुंगातून सुटला, तेव्हा मी ढाल उसवली. लोकर चांगली, म्हणून लाकडे तोडायला तो तोच कोट घाली. बाहीवर ढालीच्या आकाराचा न विटलेला तुकडा दिसे. दुकानात बायका आधी बाहीकडे बघत. शेवटी मी त्यावर कातड्याचे ठिगळ लावले.

ओस्नेचा नवरा म्हणतो, "मावशी, ऑस्लोत असल्या वस्तूंना वेडं गिऱ्हाईक आहे!" जावईबापू, ती विकायची नाही. जाळायचीही नाही. मुलांनी विचारले तर दाखवावी आणि सांगावे: मामाआजोबा चुकले होते, आणि ते आपले आहेत. यातले एक सांगून दुसरे गाळू नये.

शेजारी ताल्लाकचा भाऊ जर्मनांच्या छावणीत मेला. तेव्हापासून तो स्वाइनुंगशी बोललेला नाही. त्याचा राग रास्त आहे. तरी दर हिवाळ्यात तो आमच्या फाटकापर्यंत बर्फ काढतो. आत येत नाही. त्याला मी काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही, आणि मला साक्षीदार तोच हवा. माझ्यामागे माझ्या भावाशी बोलायला खोऱ्यात कोणी उरणार नाही, एवढीच मला भीती आहे.

सही: तोने हेल्ले
साक्षीदार: सिग्ने रिस्टाड, शिक्षिका, ताल्लाक ब्यॉर्गुम, शेतकरी
सेतेस्डाल, ९ नोव्हेंबर १९९४

सहीनंतरची नोंद: ताल्लाक दारातच थांबला होता. साक्षीदार खोलीत लागतो, असे मी म्हटले, तेव्हा आत आला. स्वाइनुंग कॉफी ओतू लागला. थोडी बशीत सांडली.

"सांडतोयस," ताल्लाक म्हणाला.

"म्हातारा झालोय रे."

"मग अर्धाच भर. लागली तर परत मागेन."