रंग आला नाही

सातारा,
११ फेब्रुवारी २०२५

ती. नाथाजीमामांस मायाचा नमस्कार.

मामी, मेंढरं, कुत्री सगळी खुशाल असतील. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. दिग्विजय वाचून दाखवील. त्याच्यावर चिडू नका, तुमचाच लेक आहे.

मामा, जमलं.

मी प्रयोगशाळेत करते तरी काय, असं विचारायचात आणि मी सांगायला लागले की तंबाखू मळायला घ्यायचात. आता ऐकावंच लागेल. शेळ्यामेंढ्यांना मारणारा तो पीपीआरचा विषाणू. त्याच्या एका प्रथिनाचं जनुक, म्हणजे ते बनवायची कृती, आम्ही साध्या जंतूत घालतो. जंतू वाढतात आणि ते प्रथिन तयार करतात. त्यानं रोग होत नाही, रोगाची ओळख तेवढी हाताशी येते. जनावराला रोग होऊन गेला असेल किंवा लस दिली असेल, तर त्याचं रक्त त्या प्रथिनाला ओळखतं आणि नळीत पिवळा रंग येतो. कित्येक महिने आमच्या प्रथिनाच्या नुसत्या गुठळ्या व्हायच्या. शेवटी माझी जोडीदारीण नौशीन म्हणाली, "थंडाव्यात ठेवू, वाढू देत सावकाश." आणि प्रथिन स्वच्छ उतरलं. आम्ही दोघी चक्क नाचलो.

आता कुंडलचं. तुमची मेंढरं विश्वजीतच्या रानात खतासाठी बसली, मागोमाग त्याच्या शेळ्या मेल्या, आणि रोग नाथाजीनं आणला असा कडेगावपर्यंत बोभाटा झाला. तेव्हापासून तुम्हाला कुणी रान देत नाही. तुम्ही सांगून दमलात.

तुम्ही बाजारला गेलात त्या दिवशी दिग्विजयनं, गुरांच्या डॉक्टरकडून शिकलाय तसं, मेंढरांचं रक्त काढलं. धरली मामीनं. "तुज्या मामाला कळलं तर तळावर ठिवायचा न्हाई मला," म्हणाली आणि पुढचं मेंढरू ओढलं. विश्वजीतच्या वाचलेल्या शेळ्यांचंही रक्त घेतलं.

शेळ्यांच्या नळ्या पिवळ्याधमक. तुमच्या एकाही मेंढराला रंग आला नाही. रोग त्यांना कधी झालाच नव्हता. लस दिली असती तर रंग आला असता आणि कुणाला काहीच पटवता आलं नसतं. "आमच्या मेंढरास्नी सुई लागत न्हाई," म्हणून तुम्ही डॉक्टरला हाकलायचात, मी भांडायचे. तुमचा हट्टच कामाला आला. पण लय फुगू नका. रंग नाही म्हणजे संरक्षणही नाही. सोमवारी दिग्विजय लस टोचणार आहे.

काल पंचायतीत सगळ्यांसमोर निकाल दाखवला. विश्वजीतनं निकालाचा कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाला, "मामास्नी सांग, पैल्यांदा माज्या रानात बसवा मेंढरं." मी मान ताठ करून बाहेर आले.

चाचणी लावताना नळ्या तीनतीनदा का मोजतेस, असं नौशीननं विचारलं होतं. मी सवय म्हणाले. सवय नव्हती, मामा. मला तुमचा शब्द पुरत होता असं लिहावंसं वाटतं, पण ते खोटं होईल. रंग आला असता तर तोही मी पंचायतीत असाच दाखवला असता. मामीला हे आधीच सांगितलं होतं. तरी तिनं मेंढरं धरली.

यावर रागवायचं तर खुशाल रागवा. पण विश्वजीतच्या बांधावर बसून रागवा.

तिथं बोलणी खायला येणारी,
तुमची भाची
माया